सिलिकॉनचे रासायनिक एचिंग

सिलिकॉनच्या वेफरचा, म्हणजे पातळ चकतीचा, ठरावीक भाग रसायनात विरघळवून त्याला आकार देणे किंवा त्याचा पृष्ठभाग पुढच्या कामासाठी तयार करणे, याला रासायनिक एचिंग म्हणतात. दाबमापक सेन्सर, इंकजेट प्रिंटरचे नोझल, सौर घट आणि बहुतेक सर्व चिप्स घडताना कुठे ना कुठे ही पायरी येतेच.

यासाठीची द्रावणे दोन स्वभावांची असतात. हायड्रोफ्लुओरिक, नायट्रिक आणि अ‍ॅसेटिक आम्लांचे मिश्रण सिलिकॉनला सगळीकडून सारखेच खाते. त्यातले नायट्रिक आम्ल सिलिकॉनचे ऑक्साइड बनवते आणि हायड्रोफ्लुओरिक ते विरघळवते. मास्कच्या, म्हणजे जो भाग वाचवायचा त्यावरच्या संरक्षक थराच्या, कडेखालीही क्षरण होत जाऊन गोलसर खळगा पडतो. दुसऱ्या गटातली अल्कली द्रावणे मात्र स्फटिकाची दिशा पाहून खातात, आणि या विषयातली खरी गंमत तिथेच आहे.

दिशाधीन एचिंग : सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना बांधलेला असतो. स्फटिकातल्या वेगवेगळ्या दिशांच्या प्रतलांना (सपाट पातळ्यांना) अंकांनी ओळखतात. (१००) या प्रतलावरच्या अणूला खालून दोनच बंध धरून ठेवतात, तर (१११) प्रतलावरच्या अणूला तीन. त्यामुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीत पहिले प्रतल झपाट्याने झिजते आणि दुसरे जवळजवळ जागचे हलत नाही. या दोन वेगांचे गुणोत्तर अनुकूल परिस्थितीत शेकड्यांत जाते. ८० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या ३० टक्के द्रावणात (१००) वेफर मिनिटाला साधारण १ मायक्रोमीटर खोल जातो. हायड्रोजनचे बुडबुडे सुटत राहतात आणि विरघळलेले सिलिकॉन सिलिकेटच्या रूपात द्रावणात उतरते.

दोन्ही प्रतलांमधला कोन ५४.७४ अंशांचा असल्यामुळे लांबट फटीतून एचिंग केले की उतरत्या भिंतींची चर तयार होते. भिंती तळाशी एकमेकींना भिडल्या की काम जवळपास आपोआप थांबते. चरीची खोली तेव्हा फटीच्या रुंदीच्या ०.७०७ पट असते. म्हणजे खोली घड्याळाने नाही, मास्कच्या रुंदीने ठरते. मास्कमध्ये गोल भोक ठेवले तरी पुरेशा वेळाने खाली चौकोनी तळाचा उलटा पिरॅमिडच उरतो. आकार शेवटी स्फटिक ठरवतो. माणसाच्या हातात फक्त जागा आणि रुंदी असते. मास्क स्फटिकाच्या दिशेशी थोडा तिरका बसला तरी कडा खालून पोखरल्या जातात, आणि बाहेर आलेले कोपरे तर पोखरले जातातच. म्हणून आरेखनात त्या कोपऱ्यांना मुद्दाम जादा तुकडे जोडतात.

मास्क कशाचा, हाही प्रश्न बारीक आहे. सिलिकॉन डायऑक्साइड या द्रावणात मिनिटाला काही नॅनोमीटर झिजते. उथळ चरीला ते चालते, पण अर्धा मिलिमीटर जाडीचा वेफर आरपार न्यायला आठेक तास लागतात. तेवढ्यात ऑक्साइडचा नेहमीचा थर संपून जातो. अशा कामाला सिलिकॉन नायट्राइड वापरतात, कारण त्याचे क्षरण नगण्य असते. पोटॅशियमचे आयन ट्रान्झिस्टरना बाधक असल्यामुळे सर्किट असलेल्या वेफरवर त्याऐवजी टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड वापरतात.

तिरक्या भिंतींची किंमतही मोजावी लागते. ५०० मायक्रोमीटर खोल जाऊन १ मिलिमीटर रुंदीचा पातळ पडदा हवा असेल, तर वरचे तोंड सुमारे १.७ मिलिमीटर ठेवावे लागते आणि वेफरवरची महागडी जागा वाया जाते. सेन्सरनिर्मितीत जर्मनीच्या बॉश कंपनीत १९९० च्या दशकात विकसित झालेले प्लाझ्मा एचिंग लोकप्रिय झाले, त्याचे हे एक मोठे कारण. त्यात खाणारा आणि भिंतींवर लेप देणारा असे दोन वायू आलटून पालटून सोडतात, त्यामुळे उभ्या भिंती मिळतात. तरी गुळगुळीत तिरकी भिंत किंवा स्वस्तात अनेक वेफर एकदम हवे असतील, तर अल्कलीचे भांडे आजही सरस ठरते.

पृष्ठभागाची सफाई : वर्नर केर्न यांनी अमेरिकेच्या आरसीए कंपनीत १९६५ मध्ये बसवलेली आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत अजूनही प्रमाण मानली जाते. पहिले द्रावण अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाण्याचे. ते धूलिकण व सेंद्रिय मळ काढते. दुसऱ्यात अमोनियाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते धातूंचे अंश काढते. हवेत सिलिकॉनवर आपोआप चढणारा एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड काढायला विरल हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडी देतात. त्यानंतर पृष्ठभागावरच्या मोकळ्या बंधांना हायड्रोजन चिकटतो आणि पाणी वेफरवर न पसरता ओघळून जाते. ऑक्साइड गेला का, हे प्रयोगशाळेत यावरूनच ओळखतात. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

सौर घट : चकचकीत सिलिकॉनवरून ३० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फिरतो. एकस्फटिकी वेफर सौम्य अल्कलीत ठेवले की पृष्ठभागावर काही मायक्रोमीटर उंचीचे पिरॅमिड उभे राहतात. एका उतारावरून उडालेला किरण शेजारच्या उतारावर आदळतो, आणि परावर्तन १० टक्क्यांच्या आसपास येते. बुडबुडे चिकटून राहू नयेत म्हणून द्रावणात आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा तत्सम द्रव्य घालतात. बहुस्फटिकी वेफरमध्ये कणाकणाची दिशा वेगळी असल्याने ही युक्ती नीट चालत नाही, तिथे आम्लांचे मिश्रणच घ्यावे लागते. मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र आहे. तेथे सिलिकॉन सौर घटांवर संशोधन होते.

धोके : हायड्रोफ्लुओरिक आम्ल काचही विरघळवते, म्हणून त्याची भांडी टेफ्लॉन किंवा पॉलिप्रोपिलीनची असतात. विरल आम्ल त्वचेवर सांडले तर कित्येक तास वेदना होत नाहीत, आणि हाच त्यातला घात आहे. तोवर फ्लुओराइड आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे भरपूर पाण्याने धुऊन लगेच कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळतात आणि जखम किरकोळ वाटली तरी रुग्णालय गाठतात. टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइडही त्वचेतून शोषले जाऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.