फाइल मॅनेजरमधली जुनी भांडणे: सेटिंग्ज आणि शॉर्टकट आले कुठून

कुठल्याही फाइल मॅनेजरच्या, म्हणजे संगणकावरच्या फाइली बघायच्या-हलवायच्या प्रोग्रामाच्या, सेटिंग्ज उघडा. लपवलेल्या फाइली दाखवायच्या का, फाइलचे एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरे) दाखवायचे का, प्रत्येक फोल्डर नव्या विंडोत उघडायचा का, उघडायला एक क्लिक हवा की दोन. ही यादी कोणी एका बैठकीत बसून ठरवलेली नाही. तिच्यातल्या बऱ्याच ओळींमागे एकेक वाद आहे: बनवणाऱ्यांनी काहीतरी बदलले, वापरणारे चिडले आणि तडजोड म्हणून टिकमार्कचा एक चौकोन ठेवला गेला. जिथे तो चौकोनही मिळाला नाही, तिथे लोक रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) नाहीतर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या विंडोत) शिरले. त्यामुळे फाइल मॅनेजर आपल्या सोयीचा करून घेण्याचा इतिहास म्हणजे मोठ्या अंशी ‘जुने होते तसे परत द्या’ या मागणीचाच इतिहास आहे.

सुरुवात माउसच्या आधीची. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात फाइल कॉपी करायची तर आज्ञा टाइप करावी लागे, आणि फाइलच्या मार्गात, म्हणजे ती कोणत्या फोल्डरात आहे त्या पत्त्यात, एक अक्षर चुकले की पुन्हा पहिल्यापासून. १९८५ मध्ये एक्सट्री आले. त्याने डिस्कवरचे फोल्डर झाडासारखे पसरून दाखवले. पण खरी छाप पडली ती १९८६ च्या नॉर्टन कमांडरची. जॉन सोशा यांनी लिहिलेल्या या प्रोग्रामात निळ्या पडद्यावर दोन उभे भाग शेजारी शेजारी असत. एका बाजूला ‘इथून’, दुसऱ्या बाजूला ‘इथे’. एफ३ ने फाइल बघायची, एफ४ ने बदलायची, एफ५ ने कॉपी, एफ६ ने हलवायची किंवा नाव बदलायचे, एफ७ ने नवा फोल्डर, एफ८ ने पुसायची. खालच्या पट्टीवर हे सगळे सतत लिहिलेले असे, म्हणून पाठ करायचीही गरज नव्हती. आणि एफ२ दाबले की वापरणाऱ्याने स्वतः बनवलेला मेनू उघडे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक अक्षर आणि त्यापुढे डॉसच्या आज्ञा लिहिल्या की आपला शॉर्टकट तयार. आजचे कित्येक फाइल मॅनेजर एवढेही देत नाहीत.

या घराण्याचा वंश आश्चर्य वाटावे इतका टिकला. १९९३ मध्ये क्रिस्टियन गिस्लर यांनी विंडोज कमांडर काढले. ‘विंडोज’ या नावावर मायक्रोसॉफ्टचा हक्क असल्यामुळे २००२ मध्ये त्याचे टोटल कमांडर झाले, पण एफ५ आणि एफ६ जागचे हलले नाहीत. मिगेल दे इकासा यांचे मिडनाइट कमांडर १९९४ चे, फार मॅनेजर १९९६ चे. तिथेही तीच बटणे. पडदा आणि सिस्टिम बदलली तरी बोटांची सवय बदलायला कोणी तयार नव्हते.

दुसरे घराणे झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातले. तिथे १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या एडिटरमध्ये कट-कॉपी-पेस्टची पद्धत घडवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि लिसा या संगणकासाठी झेड, एक्स, सी, व्ही ही ओळीत बसलेली बटणे निवडली गेली. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण, सी कॉपीचा, आणि व्ही म्हणजे ‘इथे घाला’ ही मुद्रितशोधनातली खूण उलटी करून. पुढे आयबीएमने १९८७ मध्ये आपली वेगळी नियमावली आणली: कंट्रोल आणि इन्सर्टने कॉपी, शिफ्ट आणि इन्सर्टने पेस्ट, शिफ्ट आणि डिलीटने कट. विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्या हेच नियम पाळत. ॲपलची अक्षरे तिथे १९९२ च्या विंडोज ३.१ च्या सुमारास रुळली.

गंमत अशी की, आयबीएमची बटणे अजून जिवंत आहेत. विंडोजच्या एक्सप्लोरर या फाइल मॅनेजरमध्ये फाइल निवडून कंट्रोल आणि इन्सर्ट दाबले तर ती आजही कॉपी होते. शिफ्ट आणि डिलीटचे मात्र दोन तुकडे झाले. मजकुराच्या चौकटीत ते अजून ‘कट’ करते, आणि फाइलवर दाबले तर रिसायकल बिनला वळसा घालून ती कायमची पुसते. एकाच जोडीचे एकाच सिस्टिममध्ये इतके वेगळे अर्थ असणे हा दोन काळ एकमेकांवर चढल्याचा परिणाम आहे.

विंडोज ९५ हा या कथेतला सर्वांत मोठा वळणबिंदू. त्याआधी १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये एमएस-डॉस एक्झिक्युटिव्ह हा नुसता नावांच्या यादीचा प्रोग्राम होता आणि १९९० च्या विंडोज ३.० मध्ये फाइल मॅनेजर. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज एक्सप्लोरर आला, २५५ अक्षरांपर्यंतची लांब नावे आली, राइट क्लिकचा मेनू सर्वत्र पोहोचला, आणि नव्या विंडोज बटणासोबत ई दाबले की एक्सप्लोरर उघडू लागला. फाइल कट करून दुसरीकडे पेस्ट करता येऊ लागली. पेस्ट होईपर्यंत मूळ फाइल फिकट होऊन जागीच राहते, म्हणजे हा ‘कट’ खरे तर नुसता इरादा असतो. ॲपलने फाइंडर या मॅकच्या फाइल मॅनेजरमध्ये ही पद्धत आजवर घेतलेली नाही. तिथे कॉपी करायची आणि पेस्ट करताना ऑप्शन बटण धरायचे म्हणजे फाइल हलते, आणि हीसुद्धा सोय २०११ च्या लायन या मॅकच्या आवृत्तीत आली. तर्काला ॲपलची पद्धत जास्त धरून आहे. हाताला विंडोजची सोपी पडते.

याच विंडोज ९५ ने एक घोटाळाही पदरात टाकला: ओळखीच्या प्रकारांचे एक्स्टेंशन लपवायचे. जुन्या मॅकवर फाइलचा प्रकार चार अक्षरी संकेताने वेगळा नोंदलेला असे, त्यामुळे नावाला शेपूट लागत नसे. विंडोजमध्ये मात्र ती कशाने उघडायची हे त्या शेपटावरूनच ठरते. म्हणजे जे निर्णायक आहे तेच झाकायचे! मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या वर्मने (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामाने) नेमका याचा फायदा घेतला. ई-मेलसोबत आलेल्या फाइलच्या नावात ‘.टीएक्सटी’ असे आणि त्यानंतर ‘.व्हीबीएस’. दुसरे शेपूट लपल्यामुळे स्क्रिप्ट साध्या मजकुराची फाइल वाटे. लोकांनी ती उघडली आणि ती त्यांच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांकडे पुढे गेली. एवढे होऊनही विंडोज ११ मध्ये एक्स्टेंशन डीफॉल्टने लपलेलेच असते. नवा संगणक हाती आला की जाणकार पहिल्यांदा हीच टिक बदलतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

‘लपवलेल्या फाइली’ हा प्रकार युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आला, आणि तोही अपघाताने. युनिक्सच्या चमूत काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितल्याप्रमाणे, फाइलींची यादी देणाऱ्या एलएस या आज्ञेत ‘.’ आणि ‘..’ (हाच फोल्डर आणि त्याच्या वरचा) या दोन नोंदी गाळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने सोपा मार्ग घेतला: नाव टिंबाने सुरू होत असेल तर सोडून द्या. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल अदृश्य झाली, आणि मग प्रत्येक प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज तशाच फाइलींमध्ये कोंबू लागला. लिनक्सवरच्या अनेक फाइल मॅनेजरमध्ये त्या कंट्रोल आणि एच दाबून दिसतात. मॅकवर बरीच वर्षे टर्मिनलमध्ये ‘डीफॉल्ट्स राइट’ची आज्ञा देऊन फाइंडर पुन्हा सुरू करावा लागे. कमांड, शिफ्ट आणि टिंब हा शॉर्टकट २०१६ च्या सिएरा या मॅकच्या आवृत्तीने दिला.

अधिकृत मेनूत न बसणाऱ्या इच्छांना पहिली वाट मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी करून दिली. विंडोज ९५ नंतर पॉवरटॉइज नावाचा छोट्या साधनांचा संच निघाला, त्यात रेमंड चेन यांचे ट्वीकयूआय होते. शॉर्टकटच्या चित्रावरचा बाण काढा, नावापुढे लागणारे ‘शॉर्टकट टू’ काढा, ॲनिमेशन बंद करा. या गोष्टी रजिस्ट्रीत आधीपासून होत्याच, ट्वीकयूआयने त्यांना फक्त टिकमार्क दिले. सोबत सूचना होती की ही साधने विंडोजचा भाग नाहीत आणि कंपनी त्यांची जबाबदारी घेत नाही. हा दुटप्पीपणा पुढे या साऱ्या क्षेत्राचा नियम झाला: दार उघडे ठेवायचे, पण त्यावर आपली पाटी लावायची नाही. पॉवरटॉइज हे नाव २०१९ मध्ये परतले. आता त्यात एकगठ्ठा नावे बदलण्याचे साधन आहे, आणि मॅकवर २००७ पासून स्पेस बारने होणारी झटपट झलक देणारे ‘पीक’ही.

सगळेच प्रयोग इतके निरुपद्रवी नव्हते. विंडोज ९८ च्या काळात फोल्डरला वेबपानासारखे रूप देता येई आणि त्यासाठी ‘फोल्डर.एचटीटी’ नावाची साचा-फाइल असे. रेडलॉफसारख्या व्हायरसने त्यातच घर केले, म्हणजे फोल्डर नुसता बघायला उघडला तरी लागण. त्यानंतर फोल्डर सजवण्याचा उत्साह ओसरला. उरली ती आठवणीची सोय: कुठल्या फोल्डरात मोठी चित्रे, कुठे यादी. विंडोज एक्सपी अशा ४०० फोल्डरांपुरते लक्षात ठेवत असे, पुढे ही मर्यादा ५००० झाली. ‘विंडोज माझी सेटिंग विसरते’ या जुन्या तक्रारीमागे कित्येकदा हा आकडा असे.

आता ‘वर जा’ या बटणाकडे. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने ते काढून टाकले, कारण पत्त्याच्या पट्टीतच मार्गातल्या प्रत्येक फोल्डरवर क्लिक करता येऊ लागले होते. शिवाय बॅकस्पेसचे कामही बदलले: एक्सपीत ते वरच्या फोल्डरात नेई, व्हिस्टात आधी पाहिलेल्या फोल्डरात. ऑल्ट आणि वरचा बाण हा पर्याय होता, पण तो माहीत कोणाला? २००९ पासूनच्या क्लासिक शेल या मोफत प्रोग्रामाचे एक आकर्षण हेच बटण होते. अखेर २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते अधिकृतपणे परत आले. एका बाणासाठी पाच वर्षे.

विंडोज ८ चा रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आणताना मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०११ मध्ये जे आकडे दिले, ते मला या विषयावरचे सर्वांत बोलके वाटतात. एक्सप्लोररमधल्या ५४.५ टक्के आज्ञा राइट क्लिकच्या मेनूतून दिल्या जात होत्या, ३२.२ टक्के कीबोर्डवरून, आणि वरच्या पट्टीवरून अवघ्या १०.९ टक्के. यावरून कंपनीने काढलेला निष्कर्ष असा की, वरची पट्टी मोठी करायला हवी! कीबोर्डवाल्यांना निदान एवढे मिळाले की रिबनमधल्या प्रत्येक आज्ञेला ऑल्टपासून सुरू होणारा बटणांचा क्रम लाभला. २०२१ च्या विंडोज ११ ने रिबनही मोडीत काढला.

लिनक्सवर भांडण उघड होते, कारण कोड सर्वांसमोर होता. नॉटिलस हा फाइल मॅनेजर ईझेल या कंपनीने घडवला. मूळ मॅकिंटॉशच्या चमूतले अँडी हर्ट्झफेल्ड तिथे होते. मार्च २००१ मध्ये पहिली आवृत्ती निघाली आणि मे महिन्यात कंपनी बंद पडली; प्रोग्राम लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या नोम प्रकल्पात राहिला. २००४ च्या नोम २.६ ने जुन्या मॅकसारखा प्रत्येक फोल्डर स्वतःच्या विंडोत उघडायला लावला. चार पायऱ्या खाली गेलात की पडद्यावर पाच विंडो. ते बंद करण्याचे सेटिंग होते, पण जीकॉन्फ-एडिटर या आडबाजूच्या साधनात. २०१० मध्ये डीफॉल्ट पुन्हा बदलले. २०१२ मध्ये नॉटिलस ३.६ ने एफ३ ने दोन भाग करण्याची सोयच काढली, तेव्हा लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराने वेगळी शाखा काढून निमो बनवला. सेटिंग नाकारले म्हणून अख्खा प्रोग्राम वेगळा निघाला.

त्याच नोममध्ये एके काळी फार सुंदर सोय होती. सेटिंग चालू केले की मेनूतल्या आज्ञेवर माउस ठेवायचा आणि हवे ते बटण दाबायचे. तोच तिचा नवा शॉर्टकट. चुकून दाबले गेले तरी बदल होई हे खरे, पण इतकी सरळ पद्धत नंतर फारशी कुठे दिसली नाही. नोमचे मेनू आणि बटणे ज्यातून बनतात त्या जीटीकेच्या तिसऱ्या आवृत्तीच्या काळात ती गेली.

विंडोज ११ मधला ताजा वाद राइट क्लिकच्या मेनूचा आहे. इतकी वर्षे प्रत्येक प्रोग्राम त्यात आपली ओळ घुसवत होता, आणि तो कोड एक्सप्लोररच्या पोटातच चाले, म्हणून तो अडला की एक्सप्लोरर अडे. मायक्रोसॉफ्टने मेनू आखूड केला आणि जुना ‘आणखी पर्याय’खाली ढकलला. शिफ्ट आणि एफ१० ने तो थेट उघडतो, आणि रजिस्ट्रीत एक रिकामी नोंद केली की कायमचा परततो. वर कट आणि कॉपीची नुसती चित्रे ठेवली होती; विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत त्यांच्याखाली नावे आली. टॅबही २०२२ मध्ये मिळाले, फाइंडरच्या नऊ वर्षांनंतर.

शॉर्टकट स्वतः ठरवण्याच्या बाबतीत मात्र तिघांचे मार्ग अजून वेगळे आहेत. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपच्या डॉल्फिन फाइल मॅनेजरमध्ये जवळजवळ प्रत्येक आज्ञेचे बटण सेटिंग्जमधूनच बदलता येते. मॅकवर मेनूतल्या आज्ञेचे नाव जसेच्या तसे टाइप करून तिला हवा तो शॉर्टकट देता येतो. एक्सप्लोररमध्ये अशी जागाच नाही. तिथले बटण बदलायचे तर २००३ पासूनचे ऑटोहॉटकी किंवा पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर असे बाहेरचे साधन घ्यावे लागते.