रांगेची लांबी वेगळी, ताटकळणं वेगळं

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईची पेन्शन काढायला मी तिच्याबरोबर बँकेत जातो. पूर्वी तिथे कॅशच्या दोन खिडक्या होत्या आणि रांग जिन्यापर्यंत यायची. मग टोकनचं यंत्र आलं, खुर्च्या आल्या, रांग दिसेनाशी झाली. त्याच सुमारास एक खिडकीही बंद झाली. पूर्वी पाऊण तासात मोकळी होणारी आई आता दीड तास बसून असते. पण शाखेत शिरणाऱ्याला सगळं शिस्तीत चाललेलं दिसतं, कारण उभं कोणीच नसतं.

रांग किती लांब आहे आणि माणूस किती वेळ ताटकळतो, हे दोन्ही आपण एकच धरून चालतो. लांबी म्हणजे आत्ता या क्षणी किती जण थांबलेत. ती मोजायला नजर पुरते. ताटकळणं मोजायचं तर माणूस आला कधी आणि सुटला कधी, हे टिपून ठेवावं लागतं. ते टिपायचे कष्ट कोणी घेत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी फक्त लांबीवर उपाय होतो.

या दोघांच्या मधला सांधा आहे वेग. दोन मिनिटांना एक माणूस मोकळा होत असेल, तर पुढची १२ माणसं म्हणजे २४ मिनिटं. मिनिटाला चार सुटत असतील, तर तीच १२ माणसं म्हणजे फक्त तीन मिनिटं. रांगांचा गणिती अभ्यास कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी १९०९ साली सुरू केला. लांबी आणि वेळ यांचं नातं मात्र अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध करून दाखवलं: थांबलेली सरासरी माणसं म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले एकेकाला लागणारी सरासरी मिनिटं. माणसं कशी येतात, खिडक्या किती, आधी कोणाला घेतात, कशानेही हे नातं बदलत नाही. अट एवढीच, की रांग सतत फुगत जाणारी नसावी. दीर्घकाळात जितके येतात तितके बाहेर पडले पाहिजेत.

पंढरपूरला आषाढीच्या आधी जाऊन पाहा. दर्शनाची बारी, म्हणजे रांग, तिच्यासाठी उभारलेली पत्राशेड भरून गोपाळपूरच्या दिशेने गेलेली असते. तिथे बारी सतत फुगतच असते, म्हणून लिटलचं सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही. पुढची माणसं भागिले सुटण्याचा वेग, एवढाच हिशोब धरायचा. समजा पुढे ३६ हजार माणसं आहेत आणि पदस्पर्शाला एकेकाला दोन सेकंद मिळतात. म्हणजे मिनिटाला ३० माणसं, आणि तुमचा नंबर २० तासांनी. आता प्रत्येकाने पायावर डोकं ठेवून एकच सेकंद जास्त घेतला, तर तेच ३० तास होतात. बारी एका माणसाने वाढली नाही, तरी शेवटच्याचे दहा तास वाढले. 'चला माउली, पुढे चला' म्हणत खांद्याला हात लावणाऱ्या सेवेकऱ्याचा राग येतो, मलाही आलाय. पण तोच जास्तीचा एक सेकंद तो वाचवत असतो. मुखदर्शनाच्या रांगेचा हिशोब म्हणूनच निराळा. तिथे लांबून हात जोडून पुढे सरकायचं असतं, वेग जास्त असतो, आणि त्या रांगेच्या लांबीची पदस्पर्शाच्या बारीशी तुलनाच होत नाही. यात्राकाळात देवाचा झोपायचा पलंग काढतात आणि दर्शन २४ तास खुलं राहतं, त्याचाही या हिशोबात मोठा वाटा आहे: बारी तेवढीच, पण तिला सरकायला रात्रही मिळते.

टोलनाक्यावर हा घोळ सरकारी नियमातच दिसला. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने सांगितलं होतं, की एका गाडीला १० सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत आणि रांग १०० मीटरच्या पुढे जाऊ नये. गेली, तर ती आत येईपर्यंत गाड्या टोल न घेता सोडायच्या. त्यासाठी नाक्यापासून १०० मीटरवर पिवळी रेघ मारायची होती. २०२४ मध्ये त्या सूचना मागे घेतल्या गेल्या. रेघ लांबी मोजते. १०० मीटरमध्ये साधारण १५ मोटारी बसतात. प्रत्येकीचा फास्टॅग पटकन वाचला, तर अडीच मिनिटांत मोकळ्या. त्याच १०० मीटरमध्ये मोठे ट्रक जेमतेम सहा मावतात, आणि टॅग वाचला जात नाही म्हणून प्रत्येकाशी मिनिटभर हुज्जत झाली तर सहा मिनिटं जातात. रेघ दोन्हीकडे तीच. मला विचाराल तर त्या जोडीतला १० सेकंदांचा नियमच कामाचा होता. पण तो तपासायला घड्याळ धरून उभं राहावं लागतं, आणि रेघ कोणालाही लांबून दिसते.

लांबी पाहून लोक घाबरतात ते सगळ्यात जास्त सामाईक रांगेला. तीन खिडक्यांना मिळून दोरी लावलेली एकच रांग असली, की १५ जण बघून माणूस मागे फिरतो. त्याच तीन खिडक्यांपुढे पाच-पाच उभे असते, तर तो खुशाल थांबला असता. वास्तविक एकेकाला तीन मिनिटं लागत असतील, तर सामाईक रांगेत दर मिनिटाला एक जण पुढे जातो. १५ माणसं म्हणजे १५ मिनिटं, आणि पाचच्या रांगेतही १५ मिनिटंच. वर सामाईक रांगेत एक मोठा फायदा असतो. पुढच्याने फाटक्या नोटांचं बंडल काढलं, की तुमचा जीव त्याच्याच मागे अडकत नाही. शिवाय एका खिडकीपुढे पाच उभे असताना शेजारची रिकामी, असंही होत नाही.

आमच्या शाखेतली दुसरी खिडकी बंद का झाली, हे विचारलं तर उत्तर मिळालं, 'तिथला माणूस बराच वेळ रिकामा बसायचा.' इथेच नजर फसते. माणसं अवचित येतात, कामं कमी-जास्त वेळाची असतात. अशा एकाच खिडकीवर सरासरी काम तीन मिनिटांचं असेल आणि कॅशियर ८० टक्के वेळ कामात असेल, तर थांबणं आणि काम मिळून माणसाची सरासरी १५ मिनिटं जातात. ९० टक्के कामात असेल, तर ३० मिनिटं. ९५ टक्क्यांना तासभर. कॅशियरचा रिकामा वेळ निम्म्यावर आणला, की गिऱ्हाइकाचा जाणारा वेळ दुप्पट होतो. तो रिकामा बसलेला माणूस म्हणजे वाया गेलेला पगार नव्हे. एकदम चार पेन्शनर आले तर सांभाळून घ्यायला तो बसलेला असतो.

मागच्या महिन्यात आईचं टोकन ८३ होतं आणि पाटीवर ४७ चालू होता. पाटी एवढंच सांगते. त्याआधीचे चार नंबर मी घड्याळ लावून जाऊ दिले होते: दहा मिनिटं. म्हणजे एकाला अडीच, ३६ नंबरांना दीड तास. आईला म्हटलं, घरी जाऊन जेवून येऊ. ती तयार होईना. नंबर चुकला तर सबंध दिवस जाईल ही तिची भीती. हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा उठली. आम्ही चाळीस मिनिटांच्या आत परतायचं ठरवलं होतं, पण आमटी गरम करण्यात वेळ गेला आणि सत्तर मिनिटांनी पोचलो, तर पाटीवर ८२. हिशोबाने साधारण ७५ असायला हवा होता. बसलेल्या बाईंनी सांगितलं, मधले सात-आठ नंबर पुकारले तर कोणी उठलंच नाही. वाट बघून कंटाळले आणि पेन्शन न काढताच घरी गेले होते.