दुपारी तेरा पॉइंट चार, तरी पहाटे गेट उघडंना

परभणीजवळ आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, काकांनी सरकतं गेट बसवलं, रिमोटवालं, अन् तेही सोलरवर, कारण तिकडं लाइट कधी असती कधी नसती. उन्हाळाभर भारी चाललं. श्रावण लागला तसं पहाटे दूध घेऊन निघताना बटन दाबलं की गेट नुसतं टक-टक करायचं, जागचं हलायचं नाही, अन् दुपारी मात्र झकास उघडायचं. काकांनी दुपारी मीटर लावला अन् फोनवर म्हणाले, "तेरा पॉइंट चार दाखवतंय की रे, बॅटरी चांगलीच हाय!"

गोची इथंच आहे. ऊन असताना दिसतो तो आकडा चार्जिंगचा, बॅटरीत किती शिल्लक आहे ते त्यावरून कळत नाही. १२ व्होल्टच्या ॲसिडवाल्या बॅटरीत सहा सेल असतात, भरलेला सेल साधारण २.१ व्होल्टचा. वापर झाला की ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं, ॲसिड पातळ होतं आणि व्होल्टेज उतरतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत मेकॅनिक काचेची नळी बुडवून ॲसिडचा दाटपणाच बघत असतो, पण गेटची बॅटरी सीलबंद, म्हणून आपल्या हातात फक्त व्होल्टेज. तेही चार्जिंग थांबून काही तास झाल्यावर, म्हणजे पहाटे, ऊन पडायच्या आधी घ्यायचं. तेव्हा १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे संपल्यात जमा. सगळा खेळ एका व्होल्टच्या आत, त्यामुळे स्वस्तातला मीटर ०.२ नं चुकला तरी हिशोब बोंबलतो.

काकांना पहाटे मोजायला लावलं. १२.०. आणि बटन दाबताच सरळ १०.२, मोटर सुरू होताना जोरात करंट ओढते त्यानं, तेवढ्यात गेट चालवणारा कंट्रोलर बंद पडून परत चालू व्हायचा, ती टक-टक त्याचीच.

आता बॅटरी खाल्ली कुणी? सगळे मोटरवर संशय घेतात. मोटर ५ अँपिअर घेते पण २० सेकंदच, दिवसातून दहा वेळा उघडझाप धरली तरी ०.२८ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास). रिमोटची वाट बघत बसलेला रिसीव्हर ४० मिलिअँपिअर घेत होता, वाटतं काहीच नाही, पण तो २४ तास जागा, म्हणजे जवळजवळ १ अँपिअर-अवर. बॅटरी ७ अँपिअर-अवरची. ढगाळ तीन दिवस गेले की निम्मी खलास.

रोज पहाटे कोण उठून मोजणार म्हणून मी ईएसपी-३२ चा छोटा बोर्ड लावला, म्हणजे व्होल्टेज मोजून वायफायवर पाठवणारा चिमुकला कॉम्प्युटरच. त्याच्या मोजायच्या पिनला ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणून १०० किलोओहम आणि २२ किलोओहम असे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज वाटून घेतलं, १४.४ चे २.६ होतात. पण पहिल्या आठवड्यात बॅटरी आणखीनच बसली! वायफाय सतत चालू ठेवलं होतं, बोर्ड एकटाच १०० मिलिअँपिअरच्या घरात पीत होता, रिसीव्हरच्या दुपटीहून जास्त, कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात तसं. मग त्याला झोपवून ठेवलं, तासातून एकदा उठायचं, आकडा पाठवायचा, परत झोपायचं.

चार दिवसांचा ग्राफ बघितला तर चोर दिसला. चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज एकदा तरी १४.४ च्या जवळ जायला पाहिजे (मे महिन्यात पत्र्याची पेटी तापली की अर्धा व्होल्ट कमीच बरं, नाहीतर बॅटरी उकळते), आमचं दिवसभर १३.४ च्या पुढं सरकतच नव्हतं, म्हणजे काका ज्या आकड्यावर खुश होते तोच रोग सांगत होता. पॅनलवर पावसात वाढलेली कडुलिंबाची फांदी आली होती. पॅनलचे सेल एकामागे एक जोडलेले असतात, दोन-तीन सेलवर सावली पडली तरी सगळ्यांचा करंट अडतो.

फांदी तोडली. चौथ्या दिवशी पहाटे १२.५. १२.७ काही आलं नाही, महिनाभर अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीत सल्फेट कडक होऊन बसतं ते सगळं परत सुटत नाही. गेट मात्र पहिल्याच दाबात उघडतंय. काका अजूनही दुपारीच मीटर लावतात, फक्त आता १४ दिसले नाहीत की आधी वर झाडाकडं बघतात.