पेडल, माउंटन सायकलवरील उडीसाठीचे

माउंटन सायकलवरून उडी मारताना पाय सायकलशी धरून ठेवणारा आणि खाली उतरताना स्वाराचा जवळजवळ सगळा भार पेलणारा भाग. बोलण्यात ‘पायडल’. खिळ्यांचे सपाट पेडल आणि बुटाच्या तळाची क्लीट (छोटी पट्टी) अडकवणारे क्लिपचे पेडल, असे दोन प्रकार उडीसाठी विचारात येतात.

क्लिपची आजची रचना रस्त्यावरच्या शर्यतींतून आली. लूक या फ्रेंच कंपनीने ती 1984 मध्ये बाजारात आणली; शिमानो या जपानी कंपनीची दोन बोल्टची ‘एसपीडी’ नावाची क्लीट 1990 च्या सुमाराची. ही नोंद नाशिक परिसर समोर ठेवून आहे, आणि नाशिकची सायकलिंगमधली ओळखही लांब पल्ल्याच्या रस्त्याचीच. हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये जोडीने आणि श्रीनिवास गोकुलनाथ यांनी 2017 मध्ये एकट्याने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली. त्या अंतराला क्लिप योग्यच. उडीचा हिशोब वेगळा.

उडीसाठी क्लिप घ्यावी की सपाट पेडल, याबाबत दोन मते आहेत. खडबडीत उतारावर क्लिपमधून पाय उडत नाही, हे पहिले मत खरे आहे. पण क्लिपमुळे सायकल पायांनी ओढून वर घेता येते आणि तीच सवय लागली की आधी दाब देऊन उसळी घेण्याचे मूळ तंत्र कच्चे राहते. सपाट पेडलवर चवडा खाली झुकवून तळव्याने पेडल मागे रेटत वर न्यावे लागते. त्याला पर्याय नाही. उडी हवेत फसली तर पाय सरळ उचलून सायकल सोडून देता येते, क्लिपमध्ये आधी टाच बाहेर फिरवावी लागते. शिकणाऱ्याने सपाट पेडल घ्यावे, हे मत अधिक पटणारे आहे. क्लिपच हवी असेल तर 3 मिमी एलन कीने क्लिपच्या स्प्रिंगचा ताण कमी ठेवून सुरुवात करावी आणि पाय नको तेव्हा सुटू लागल्यास तो एकेक टिचकी (क्लिक) वाढवावा.

सपाट पेडल निवडताना वजनाआधी खोलगटपणा पाहावा. कडा मध्यापेक्षा 2-3 मिमी उंच असल्या की तळवा वाटीत बसल्यासारखा बसतो. मध्य फुगीर असला तर कितीही खिळे असोत, पाय घसरतो. पृष्ठभाग साधारण 100 × 100 मिमी, मोठ्या पायाला 110. खिळे 4-5 मिमी उंच असावेत, आणि मागच्या बाजूने आवळायचे असले तर उत्तम: टोक खडकावर घासले तरी ते काढता येतात. नायलॉनचा सांगाडा दगडावरून सरकतो, ॲल्युमिनियमचा अडकतो. आस मात्र क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादाचाच घ्यावा. बूट सपाट रबरी तळाचा. धावण्याचा मऊ बूट पेडलच्या कडेवर वाकतो आणि उतरताना तळव्याच्या कमानीत कळ जाते. चवड्याच्या जरा मागचा भाग आसावर, क्रँक (पेडल ज्यांना जोडलेले असते ते दांडे) आडव्या, टाचा खाली. नडगीला संरक्षक हवेच.

आटे बहुतेक ठिकाणी 9/16 इंचाचे, एकसंध क्रँकला 1/2 इंचाचे. डाव्या पेडलचे उलटे. उलट्या आट्यांचे श्रेय अनेकदा राइट बंधूंना दिले जाते. अमेरिकेतील डेटनच्या दुकानात ते 1896 पासून स्वतःच्या सायकली बनवत होते, तरी पहिलेपणाचा हा दावा जपून घ्यावा. कारणाबद्दलही गैरसमज आहे. बेअरिंगमधल्या छऱ्यांच्या घर्षणाने आस आवळला जातो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते घर्षण आस सैल करण्याच्या दिशेने असते. आवळणारी क्रिया वेगळी आहे: पायाचा दाब क्रँकच्या तुलनेत फिरत राहतो आणि किंचित ढिल्या भोकात आस त्याच्या उलट दिशेने लोळतो. पेन्सिल सैल मुठीत धरून तिचे टोक गोल फिरवावे. पेन्सिल स्वतःभोवती उलटी फिरताना दिसते. उडी मारणाऱ्याला यातले मर्म असे की हवेत आणि उतरताना क्रँक स्थिर असतात, म्हणजे पेडल मारल्याने होणारी ही आवळण त्या वेळी मिळत नाही. त्यामुळे आट्यांना ग्रीस लावून 35-40 न्यूटन-मीटरने आवळावे. 20 सेंमी पान्याच्या टोकावर ते सुमारे 18-20 किलोचा जोर होतो. सैल आस ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे खाऊन टाकतो.

नाशिकभोवतीची जमीन बसाल्टची: उन्हात मुरूम, पावसाळ्यात काळी चिकट माती. ती खिळ्यांमध्ये थापली गेली की 5 मिमीचा खिळा 1 मिमीचा उरतो, म्हणून मधे मोठ्या पोकळ्या असलेला सांगाडा घ्यावा. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात भिजल्यावर बेअरिंग उघडून जुने ग्रीस पुसून नवे भरावे. क्रँक धरून पेडल आत-बाहेर हलवल्यास खेळ जाणवला तर बुश (आसाभोवतीची नळी) झिजला आहे. पेडल काढून, सांगाडा धरून आस बोटांनी फिरवल्यावर त्याचे टोक डुलले तर आस वाकला आहे. तो ठोकून सरळ करू नये, बदलावा.