डर्ट बाइकची चेन तुटत नाही, झिजते

चेनच्या खोक्यावर सगळ्यात ठळक आकडा असतो तो ती किती भाराला तुटते याचा. टिकाऊ चेन शोधणारे बहुतेक जण तोच आकडा पाहतात. पण जरा हिशेब करा. गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर २०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) धरला आणि पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, १३ दात्यांचं असलं, तर ५२० या मापाच्या चेनसाठी त्याची त्रिज्या साधारण ३३ मिलिमीटर येते. म्हणजे चेनवरची ओढ सुमारे ६०० किलो. उडीनंतर गाडी जमिनीवर आदळते तेव्हा ती क्षणभर बरीच वाढते हे खरं, पण चांगल्या प्रतीची ५२० चेन तुटायला तीन टनांहून जास्त ओढ लागते. ताकदीचा प्रश्न सुटून जमाना झाला. सांध्यात तेल टिकवायचं कसं आणि चिखल बाहेर ठेवायचा कसा, हा प्रश्न मात्र चेनइतकाच जुना आहे आणि स्प्रॉकेट-चेन निवडताना आजही तोच आडवा येतो.

या चेनचं मूळ इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या यंत्रांत सापडतं. सॅलफर्डच्या जेम्स स्लेटर यांनी १८६४ मध्ये रोलरवाल्या चेनचं पेटंट घेतलं. त्यात रोलर होते, पण चेनच्या पट्ट्यांची अरुंद कड त्यांना जोडणाऱ्या पिनवर थेट घासायची आणि पिनला खाचा पडायच्या. हॅन्स रेनॉल्ड नावाच्या मूळ स्विस इंजिनिअरने १८७९ मध्ये स्लेटरचा छोटा कारखाना विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यात एका भागाची भर घातली: बुश. आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक पोकळ नळी घट्ट बसवली, पिन त्या नळीत फिरू लागली आणि रोलर नळीच्या बाहेरून. भार पट्टीच्या कडेऐवजी नळीच्या पूर्ण लांबीवर वाटला गेला. आज मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतींच्या, ट्रॅकवर धावणारी चेन मुळात तीच आहे. धातू सुधारला, गुंडाळलेल्या पत्र्याच्या बुशऐवजी सलग बुश आले आणि त्यांच्यात तेल जास्त समान राहू लागलं. रचना मात्र १८८० ची.

मोटरसायकलने ही चेन लगेच उचलली नाही. डाइमलरच्या १८८५ च्या गाडीला पट्टा होता आणि पुढची वीसेक वर्षं चामड्याच्या पट्ट्यांचा बोलबाला राहिला. पट्टा गुळगुळीत चालायचा, पण पावसात घसरायचा. १९११ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी ही मोटरसायकल शर्यत पहिल्यांदा डोंगरातल्या लांब मार्गावर झाली. दोन गिअर आणि पूर्ण चेन ड्राइव्ह असलेल्या, ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांनी सीनियर शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक घेतले. चढावर पट्ट्याचं काही खरं नाही, हे सगळ्यांना दिसलं.

चेन चालते हे ठरल्यावर ती टिकायची कशी, हा मुद्दा आला. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या सनबीम या मोटरसायकल कंपनीने त्याला सगळ्यात सरळ उत्तर दिलं: चेन पूर्ण झाकायची आणि आत तेल ठेवायचं. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीसाठी याहून चांगलं उत्तर आजवर निघालेलं नाही, आणि ते मागे पडलं ते दिसण्यासाठी, वजनासाठी आणि चाक पटकन काढता यावं म्हणून. पण १९२४ मध्ये सरे परगण्यात कॅम्बर्लीजवळ झालेल्या शर्यतीपासून स्क्रॅम्बलिंग नावाचा खेळ, म्हणजे मोटोक्रॉसचं जुनं रूप, रुजला आणि त्यात हे झाकण टिकणं शक्यच नव्हतं. दगड लागतात आणि एकदा चिखल आत शिरला की तेच झाकण चेन खाऊ लागतं. मातीतल्या गाडीची चेन उघडी राहिली ती अशी.

पुढची काही दशकं हे निभावलं, कारण मागचं सस्पेन्शन आधी नव्हतंच आणि आल्यावरही त्याची हालचाल जेमतेम १०० मिलिमीटरच्या घरात होती. मग ल्युसियाँ टिल्केन्स या बेल्जियन प्राध्यापकाची मागे दोनऐवजी एकाच शॉक-अब्सॉर्बरची कल्पना यामाहाने घेतली आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसनने त्या गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद जिंकलं. १९८० च्या सुमारास मागच्या चाकाची हालचाल ३०० मिलिमीटरपर्यंत पोचली होती. चालकाचे मणके सुखावले, चेनचे मात्र हाल सुरू झाले.

याचं कारण भूमितीत आहे. पुढचं स्प्रॉकेट आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) फ्रेमशी असलेला सांधा एकाच अक्षावर नसतात. सांधा थोडा मागे असतो. त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर बदलत राहतं. पुढचं स्प्रॉकेट, सांधा आणि मागचा अॅक्सल एका सरळ रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त असतं आणि चेन तिथेच सगळ्यात घट्ट होते. हालचाल जितकी मोठी, तितकी या टोकापासून त्या टोकापर्यंतची ढिलाई जास्त. म्हणून या गाड्यांची चेन स्टँडवर पाहताना रस्त्याच्या गाडीची सवय असलेल्याला ती भलतीच लोंबकळलेली वाटते. तो हौसेने ती आवळतो. मग पहिल्याच मोठ्या उडीनंतर सस्पेन्शन दबताना चेन तारेसारखी ताणली जाते आणि सगळा जोर गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर, मागच्या चाकाच्या बेअरिंगवर आणि पिन-बुशवर येतो. महागडी चेन वेळेआधी संपण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि त्यात चेनचा काहीच दोष नसतो. चेनला टेकू देणारे स्विंगआर्मवरचा स्लायडर, मागच्या स्प्रॉकेटपुढचं गाइड आणि फ्रेमवरचे रोलर आले तेही याच लांब हालचालीमुळे. ते झिजून धातूपर्यंत पोचले असतील तर नवी चेन घालण्यात अर्थ नाही.

सांध्यातल्या तेलाचा प्रश्न पुढे सरकला तो रस्त्यावरच्या मोठ्या गाड्यांमुळे. होंडाच्या १९६९ च्या ७५० सीसी गाडीला चेनवर तेल सोडणारी सोय द्यावी लागली होती. १९७० च्या दशकात ओ-रिंग चेन आली. कारखान्यातच पिन आणि बुशच्या मधे ग्रीस भरायचं आणि आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांमध्ये रबरी कडी दाबून ते बंद करायचं, अशी ती कल्पना. सनबीमचं झाकण इथे प्रत्येक सांध्यापुरतं लहान होऊन परत आलं म्हणा ना. मोटोक्रॉसवाल्यांनी मात्र बराच काळ नाक मुरडलं. रबरी कड्यांमुळे घर्षण वाढतं, चेन जड आणि रुंद होते, आणि शर्यत तर अर्ध्या-पाऊण तासात संपते. पुढे इंग्रजी X सारख्या छेदाची एक्स-रिंग आली. तिच्या कडा बारीक असल्यामुळे दाब कमी लागतो, घर्षण घटतं आणि ग्रीस जास्त दिवस टिकतं. आता अरुंद सीलबंद चेनही मिळतात. म्हणून माझं मत सरळ आहे: दर शर्यतीनंतर चेन धुऊन, तेल घालून, हंगामात दोनदा बदलणाऱ्याने बिनसीलची घ्यावी, बाकी सगळ्यांनी, विशेषतः एंड्युरो (लांब पल्ल्याच्या खडबडीत वाटेवरच्या शर्यती) आणि लांबच्या ट्रेलवाल्यांनी, एक्स-रिंग. तीही पेट्रोलने धुवायची नाही, रबर खराब होतं, रॉकेल चालतं. आणि प्रेशर वॉशरचा झोत सांध्यांवर जवळून मारायचा नाही.

सीलबंद चेनच्या रोलरला आणि स्प्रॉकेटच्या दात्यांना मात्र कुठलंच संरक्षण नसतं. तिथे धातू कोणता, हा प्रश्न येतो. हलक्या स्प्रॉकेटसाठी सर्रास वापरला जाणारा ७०७५ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू विमानांतून आलाय. जपानच्या सुमितोमोने तो १९३० च्या दशकात तयार केला, झिरो या लढाऊ विमानात तो वापरला गेला आणि अमेरिकेच्या अल्कोआने १९४३ मध्ये आपली आवृत्ती आणली. ताकद भरपूर आणि वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. पण ताकद आणि कठीणपणा एक नव्हेत. वाळू आणि पाणी एकत्र आलं की पोलादी रोलर अॅल्युमिनियमचे दाते खात जातात, आणि कठीण केलेलं पोलादी स्प्रॉकेट तिथे कितीतरी जास्त टिकतं. अॅल्युमिनियमचा मध्य आणि पोलादी दात्यांची कडा एकत्र रिव्हेट केलेली स्प्रॉकेट या भांडणातून निघालेली तडजोड आहे, आणि चांगली तडजोड आहे. दात्यांच्या मुळाशी खोबण्या असलेली स्प्रॉकेटही येतात. रोलरखाली दबलेल्या चिखलाला निसटायला त्यातून वाट मिळते.

पुढचं स्प्रॉकेट सहसा पोलादीच असतं. मागे ५० आणि पुढे १३ दाते असतील तर मागच्या एका फेऱ्यात पुढचं जवळजवळ पावणेचार वेळा फिरतं. शिवाय १३ दात्यांवर चढताना चेनचा प्रत्येक सांधा सुमारे २८ अंशांत वळतो, ५० दात्यांवर सातेक अंशांत. झीज होते ती या वळण्यात. म्हणून जोर वाढवायला पुढचा एक दाता कमी करण्याची स्वस्त युक्ती चेनला महाग पडते: १२ दात्यांवर वळण ३० अंशांचं होतं आणि तेवढ्याच टॉर्कला ओढ ८ टक्क्यांनी वाढते. उलट १३-५० ऐवजी १४-५४ लावलं तर गिअरिंग जवळपास तेच राहतं आणि सांधे कमी वळतात. पुढच्या कव्हरमध्ये जागा आहे का आणि चेनच्या कड्या पुरतात का, एवढं आधी बघावं.

झीज दिसत नाही कारण ती पिन आणि बुशच्या आत असते. ११४ कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्यात दशांश मिलिमीटर झीज झाली तरी चेन ११ मिलिमीटरहून जास्त लांबते. ५२० चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १५.८७५ मिलिमीटर असतं, स्प्रॉकेट त्याच मापाने कापलेलं असतं, आणि लांबलेली चेन त्यात नीट न बसता दात्याच्या वरच्या अंगावर चढते. मग दाते एका बाजूला झुकतात. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर ती थोड्याच दिवसांत जुन्या चेनच्या मापाला येते, म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट अशा तिन्ही वस्तू एकदम बदलायच्या. वेळ झाली का, हे ओळखायला मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या बाजूची कडी बोटांनी मागे ओढून पाहावी. ती उचलली जाऊन दात्याचा बराच भाग उघडा पडला, तर तेल घालून आता उपयोग नाही.