स्वमग्नता (ऑटिझम) आणि आईच्या माथी मारलेला दोष
‘आई दिवसभर ऑफिसात, पोर पाळणाघरात, मग स्वमग्न होणार नाही तर काय!’ हे अजूनही ऐकू येतं. साफ चूक. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचं वर्णन केलं, त्यात पालकांच्या कोरडेपणाचाही उल्लेख होता. पुढे तेवढंच धरून आयांवर खापर फोडलं गेलं. १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे बोट दाखवलं. ऑटिझम म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा. माया कमी पडल्याने तो होत नाही.

‘स्वमग्न’ हा शब्दही (मला तो कधीच पटला नाही) फसवाच. हाकेला वळून न बघणारा मुलगा मिक्सर सुरू होताच कान गच्च दाबतो. बाहेरचं जग त्याच्यापर्यंत पोचतं, कधीकधी सोसवणार नाही इतकं.