लग्नानंतर काय? रोमँटसीच्या पुढच्या भागांमागचा इतिहास

रोमँटसी, म्हणजे प्रेमकथा आणि अद्भुतकथा एकत्र असलेल्या कादंबऱ्या, वाचणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. पहिला भाग दोन रात्रींत संपतो आणि दुसरा शंभराव्या पानाच्या आसपास हातातून सुटतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत, नेरूळ-खारघरच्या कॉलेजांत ही जाडजूड पुस्तकं आता नेहमी दिसतात. वाचायची इंग्रजीत, त्यांवर बोलायचं मराठीत. दुसऱ्या भागात अडकण्यात दोष बहुतेक वेळा वाचणाऱ्याचा नसतो. प्रेमकथा आणि अद्भुतकथा हे दोन वेगळ्या घरांत वाढलेले प्रकार. ते एका मालिकेत नांदायला लागले, आणि दुसरा भाग ही त्यांची रोजची खटपटीची जागा झाली.

प्रेमकथेचं घर आधी पाहू. मिल्स अँड बून ही लंडनची प्रकाशनसंस्था १९०८ ची, हार्लेक्विन १९४९ मध्ये कॅनडातल्या विनिपेगची. १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकत घेतली. या घराचा नियम असा की गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. तो शेवट त्याच पुस्तकात. त्यामुळे इथे ‘मालिका’ म्हणजे एकाच छापाची, पाठीवर क्रमांक असलेली पण एकमेकांशी संबंध नसलेली पुस्तकं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयात कुठलंही उचला, आधीचं वाचलेलं नसलं तरी चालायचं.

अद्भुतकथेचं घर वेगळं. टोल्किन यांचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही लेखकाच्या दृष्टीने एकच कादंबरी होती. युद्धानंतर कागद महाग, एवढं मोठं पुस्तक खपेल याची खात्री नाही, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन खंड केले. पहिला जुलै १९५४ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबरमध्ये, आणि तिसरा, परिशिष्टं वेळेत पुरी न झाल्यामुळे, थेट ऑक्टोबर १९५५ मध्ये. दुसरा खंड संपतो तेव्हा नायक शत्रूच्या ताब्यात असतो. वाचक अकरा महिने तिथेच थांबले. छपाईच्या हिशेबातून आलेली ही तीन खंडांची रचना पुढे या प्रकाराची रीतच झाली. आज ‘ट्रिलॉजी’ हा शब्द ऐकून कलेचा काही नियम असावा असं वाटतं. मुळात तो कागदाच्या भावाचा प्रश्न होता.

खंडांचं गणित त्याहूनही जुनं आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स असे. सामान्य माणसाला ती परवडत नसे. म्हणून लोक १८४२ मध्ये सुरू झालेल्या म्युडीच्या वाचनालयाचे सभासद होत, वर्षाला एक गिनी (२१ शिलिंग) भरून एका वेळी एक खंड घरी नेत. तीन खंड म्हणजे एका कादंबरीवर एकाच वेळी तीन वाचक. पहिला खंड संपला तरी माणूस दुसऱ्यासाठी परत यायला हवा, म्हणून खंडाच्या शेवटी गोष्ट टांगून ठेवायची पद्धत पडली. १८९४ मध्ये मोठ्या वाचनालयांनीच दर परवडत नाहीत म्हणून हात आखडता घेतला आणि ही पद्धत मोडली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं. एका वेळी एक पुस्तक, ते परत केलं की पुढचं, ही वाचनाची लय ठाण्याला तेव्हापासून माहीत आहे.

आणि गोष्टही आपल्याला नवी नाही. मराठी कादंबरीची सुरुवातीची पावलं अद्भुतरम्य वाटेवरच पडली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. पण पुढच्या भागांचा प्रश्न सगळ्यात ठळकपणे सोडवला तो हिंदीत देवकीनंदन खत्री यांनी. १८८८ च्या ‘चंद्रकांता’त नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं प्रेम आहे, भोवती तिलिस्म, म्हणजे जादूच्या कोड्यांनी भरलेल्या वास्तू, आणि ऐयार, म्हणजे वेषांतरात पटाईत हेर. चार भागांत लग्न झालं. मग वाचकांना अजून हवं होतं, तर पुढे लिहायचं काय? खत्रींनी पिढी बदलली. ‘चंद्रकांता संतति’ हे नावच ते सांगतं. चोवीस भाग, आणि नायक आता त्या जोडप्याची मुलं. त्यानंतर त्यांनी ‘संतति’मधल्या एका गूढ पात्राला स्वतंत्र गोष्ट दिली, ‘भूतनाथ’. १९१३ मध्ये खत्री गेले, आणि ती मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, पुरी केली. दुय्यम पात्राचा भूतकाळ वेगळ्या पुस्तकात सांगायचा, ही आजच्या रोमँटसीतली नेहमीची युक्ती तिथे पूर्ण तयार दिसते. आपल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

‘लग्नानंतर काय?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणजे पिढी बदला. दुसरं प्रेमकथेच्या घराने दिलं: जग तेच ठेवा, जोडपं बदला. नव्वदीच्या अखेरीपासून व्हॅम्पायर आणि शापित योद्ध्यांच्या लांबलचक मालिका या पद्धतीने चालल्या. प्रत्येक पुस्तकात टोळीतल्या एका भावाचं जमतं. तिसरं उत्तर डायना गॅबाल्डन यांचं. १९९१ च्या ‘आउटलँडर’मध्ये लग्न अर्ध्या वाटेवरच होतं आणि तेच जोडपं २०२१ पर्यंत नऊ जाड खंड चालतं, ताण बाहेरून येतो, इतिहासातून आणि काळाच्या अंतरातून. ‘ट्वायलाइट’ने २००५ ते २००८ मध्ये दर वर्षी एक असे चार भाग काढले आणि लग्न चौथ्यापर्यंत लांबवलं. तरुण वाचकांची एक पिढी एकाच जोडप्यासाठी वर्षभर थांबायला शिकली ती तिथे.

चौथं उत्तर सगळ्यात धाडसी आणि आजच्या लाटेच्या मुळाशी असलेलं: पहिल्या भागातल्या प्रेमाकडेच दुसऱ्या भागात नव्याने पाहायचं. सारा जे. मास यांचं ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ चं, दुसरा भाग २०१६ चा. त्यात नेमकं काय होतं ते इथे मुद्दाम सांगत नाही, कारण ते न कळता वाचणं हीच या मालिकेची खरी गंमत आहे. एवढंच सांगतो की पहिला भाग ठीक वाटला पण भारावून टाकलं नाही, अशा वाचकाने या एका मालिकेत दुसऱ्याची शंभर पानं वाचल्याशिवाय पुस्तक सोडू नये. ही मालिका आधी किशोरांच्या कपाटात होती. २०२० मध्ये मुखपृष्ठं बदलून ती प्रौढांच्या कपाटात आली. पालकांनी हे ध्यानात घ्यावं. जुनी, चित्रं असलेली मुखपृष्ठं पाहून ती बारा वर्षांच्या मुलीसाठी आहेत असं समजू नये.

पुढची लाट टिकटॉकच्या व्हिडिओंवर आली. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, म्हणून इथल्या वाचकांपर्यंत ती मुख्यतः इन्स्टाग्रामच्या रील्समधून पोचली. रिबेका यारोस यांच्या मालिकेतलं ‘फोर्थ विंग’ मे २०२३ मध्ये, ‘आयर्न फ्लेम’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आणि ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये आलं. या तिसऱ्याच्या पहिल्याच आठवड्यात २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. ऑक्सफर्डच्या २०२४ च्या ‘वर्षाचा शब्द’ यादीत ‘रोमँटसी’ होता. पहिल्या दोन भागांत सहा महिने, दुसऱ्या-तिसऱ्यात चौदा. दुसरा घाईत, तिसरा विसरल्यावर: वाचकाच्या दोन्ही अडचणी या अंतरांतून येतात.

आता क्रमाचं. सरसकट सल्ला एकच, प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. लेखिकेने कोणती गुपितं वाचकाला ठाऊक आहेत असं धरलंय, ते त्या क्रमावर ठरतं. जेनिफर एल. आर्मेंट्राउट यांच्या ‘फ्रॉम ब्लड अँड अॅश’ मालिकेत हे फार जाणवतं. आधीच्या काळाची जोडमालिका मूळ मालिकेच्या तिसऱ्या भागानंतर सुरू झाली आणि चौथा भाग त्यानंतर आला. काळाने आधीची म्हणून जोडमालिका पहिली वाचली, तर मूळ मालिकेतले दोन मोठे धक्के फुकट जातात. आणि ती टाळून सरळ चौथ्यात शिरलात तर अर्ध्या देवतांची नावं परकी वाटतात.

मास यांची ‘थ्रोन ऑफ ग्लास’ ही मालिका वेगळी हाताळावी लागते. तिच्या पूर्वकथांचा संग्रह, ‘द असॅसिन्स ब्लेड’, काहीजण सर्वांत आधी वाचतात. आमच्या मते तो तिसऱ्यानंतर आणि चौथ्याच्या आधी वाचावा. तोवर नायिकेचं दुःख कशाचं आहे हे कुतूहल जागं राहतं, आणि चौथ्यात परतणारी माणसं ताजी असतात. पाचवा आणि सहावा भाग एकाच काळात दोन ठिकाणी घडतात. सहावा मुळात छोटी जोडकथा म्हणून सुरू झाला आणि वाढत कादंबरी झाला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून आलटून पालटून प्रकरणं वाचायची पद्धत यामुळेच रूढ झाली. पहिल्या वाचनात ती करू नये. पाचव्याचा शेवट जोराचा आहे, आणि लगेच दुसऱ्या खंडात उडी मारली की त्याची धार बोथट होते. दुसऱ्या फेरीत मात्र मजा येते. याच लेखिकेच्या ‘क्रेसेंट सिटी’चा दुसरा भाग संपण्याआधी ‘थॉर्न्स अँड रोझेस’चे पाचही भाग वाचून झालेले हवेत, कारण जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या भागात दोन्ही जगं भेटतात.

मधला भाग का रेंगाळतो, याचं कारण साधं आहे. पहिल्या भागाला ओढ देणारे प्रश्न, हा कोण, याच्यावर विश्वास ठेवावा का, हे जुळेल का, संपलेले असतात. नवा नकाशा आणि वीस नवी नावं येतात. जुळलेल्या दोघांना दूर ठेवायला लेखिकेला काहीतरी हवं असतं: कैद, शपथ, पुसलेली आठवण, किंवा लपवलेलं सत्य. कैद आणि शपथ चालतात, कारण तिथे दोघं एका बाजूला असतात. लपवलेलं सत्य तेव्हाच पचतं जेव्हा लपवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. नाहीतर चारशे पानं वाचकाला वाटत राहतं, एकदा बोला आणि मोकळे व्हा. वाचताना युद्धसरावाची प्रकरणं भरभर गेली तरी चालतात. जादूची मर्यादा आणि किंमत सांगणारी पानं मात्र कधीही गाळू नयेत. शेवटच्या लढाईचा निकाल त्यांवरच बेतलेला असतो.

अंतर पडलं असेल तर अख्खा आधीचा भाग पुन्हा वाचायची गरज नसते. शेवटची तीन-चार प्रकरणं पुरतात. ‘फोर्थ विंग’चं शेवटचं प्रकरण नायकाच्या तोंडून आहे, ते वगळून दुसऱ्यात शिरलात तर त्याचं वागणं समजत नाही. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे भाग संपल्यावर एक-दोन दिवसांतच पानभर टिपण करणं. कोणाचं कोणाशी काय नातं, कोणतं गुपित कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही, जादू वापरली की शरीराला काय भोगावं लागतं, आणि झालेले करार. करार शब्दशः उतरवावेत. या कथांतले परीलोकातले लोक अनेकदा खोटं बोलू शकत नाहीत, म्हणून ते शब्दांत पकडतात; पुढच्या भागातली सुटका बहुतेकदा कराराच्या एखाद्या शब्दात लपलेली असते. ठाणे ते वाशी साधारण अर्ध्या तासाचा प्रवास, त्यात हे टिपण दोनदा वाचून होतं.

विकत घेताना आकार तपासा. नवा भाग आधी मोठ्या आकारात येतो, साधारण १५३ बाय २३४ मिलिमीटर. छोटा पेपरबॅक, १२९ बाय १९८ मिलिमीटरचा, बराच नंतर. कपाटात सारखे दिसायला हवे असतील तर थांबावं लागतं. फुटपाथवरच्या नकली प्रतींत सगळ्यात वाईट गोष्ट घडते ती फर्म्याची. पुस्तक सोळा किंवा बत्तीस पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून केलेल्या गठ्ठ्यांनी, बांधलेलं असतं, आणि घाईच्या बांधणीत एखादा फर्मा गळतो किंवा दोनदा लागतो. पृष्ठक्रमांक सोळाच्या पटीत उडी मारतात, आणि ती पानं नेमकी शेवटाकडची निघाली की पुस्तक वाया. नकाशाही काळा ठिक्कर छापलेला असतो, जिथे त्याची सर्वांत गरज. ‘आयर्न फ्लेम’च्या पहिल्या छपाईत अस्सल प्रतींतही चुकीची पानं लागल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, म्हणून दुकानातून घेतलेली प्रतही त्याच दिवशी अथपासून इतिपर्यंत चाळून पाहावी, बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी.

वाचनालयातून वाचणाऱ्यांनी पहिला भाग नेण्याआधीच दुसरा कपाटात आहे की कोणाकडे गेलाय, हे विचारावं, आणि बाहेर असेल तर त्याच वेळी नाव नोंदवून ठेवावं. पहिला परत करायच्या दिवशी दुसरा हातात येईल अशी वेळ जमवली तर टिपणाचं पानही लागत नाही.